ब्रॅकेटची किंमत

पाच वर्षं मी एक लोखंडी ब्रॅकेट तपासत होते. अडीच मिलिमीटर पत्र्याचा, दोन नट वेल्ड केलेला, वरून झिंक प्लेटिंग, तळहातावर मावेल एवढा. त्याची भोकं कुठे हवीत, प्लेटिंग किती मायक्रॉन हवं, बर, म्हणजे पत्रा कापताना कडेला राहणारी धारदार किनार, कुठल्या कडेला येतो आणि का येतो, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्याची किंमत मात्र माहीत नव्हती. विचारावीशीही कधी वाटली नव्हती.

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी क्वालिटीला होते. मेकॅनिकलची बीई, 2017 ची. आवक तपासणी हे माझं खातं, म्हणजे व्हेंडरकडून आलेला माल गेजवर लावायचा आणि पास किंवा रिजेक्टचा शिक्का मारायचा. 2021 च्या फेब्रुवारीत या ब्रॅकेटचा बाराशेचा लॉट आला आणि सगळ्या लॉटला बर. मी लाल टॅग लावला. स्टोअरमध्ये दुसरा स्टॉक नव्हता, त्यामुळे दोन तासांत लाईन थांबली. मग व्हायचं तेच झालं. सगळे कॉन्फरन्स रूममध्ये, प्रत्येकाच्या तोंडी वेगळा आकडा, आणि कुणीतरी म्हणालं, "पाच लाखांचं नुकसान झालंय."

परचेसचे साहेब शांत होते. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, रिजेक्ट करा ना, कोण नको म्हणतंय? पण रिजेक्ट केलं तर किती जातात, आणि डेव्हिएशन देऊन इथेच पोरांकडून बर काढून घेतला तर किती जातात, तेवढं सांगा."

डेव्हिएशन म्हणजे ड्रॉइंगात न बसणारा माल परवानगीने वापरणं. मी ड्रॉइंग काढून टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, दाखवायला लागले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले आणि दुसऱ्याशी बोलायला लागले. ते दुसऱ्याशी बोलायला लागणं मला जास्त लागलं.

एमबीएचा विचार त्या दिवशी आला असं म्हणणं सोयीचं आहे, पण खरं तर तो वर्षभर घोळतच होता. क्वालिटीत पुढचा रस्ता दिसत होता: इंजिनिअर, सीनियर इंजिनिअर, मग दहा वर्षांनी मॅनेजर, आणि तोपर्यंत कस्टमरची तक्रार आली की रात्री अकराला फोन, सकाळी आठ वाजता कस्टमरच्या गेटवर सॉर्टिंग, म्हणजे खराब माल निवडून वेगळा करणं. मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला जायचं होतं. परचेसमध्ये बदली मागितली, तर एचआरने सांगितलं की कमर्शियल बॅकग्राउंड लागतं. ते कुठे मिळतं हे त्यांनी सांगितलं नाही.

घरी आधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दूरस्थ कर ना, नोकरी सोडायची काय गरज?" प्रश्न रास्त होता. मुक्त विद्यापीठ होतं, इग्नू होतं, शनिवार-रविवारचे कोर्स होते. आमच्याच कंपनीत तिघांनी तसं केलं होतं. तिघांच्या लिंक्डइनवर एमबीए लागलं होतं आणि तिघंही त्याच खुर्चीवर होते. त्यात त्यांचा दोष नाही. आठवड्यातून अठ्ठेचाळीस तास शॉपफ्लोअरवर, वर ओव्हरटाइम, त्यात असाइनमेंट म्हणजे कॉपी-पेस्ट. मी स्वतःला ओळखून होते, मीही तेच केलं असतं.

पहिला डाव कॅटचा, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा. डोक्यात पवईची नीटी ही संस्था होती. ऑपरेशन्सवाल्यांचं ते पंढरपूर. (मी फॉर्म भरला तेव्हा नीटी, आता 2023 पासून आयआयएम मुंबई. नाव बदललं, माझी जाण्याची लायकी बदलली नाही.) मोशीहून चाकणला कंपनीची बस. इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुढे ट्रॅफिक, ट्रॅफिक आणि ट्रॅफिक, त्यामुळे जायला-यायला रोज दीड-दोन तास मिळायचे. त्यात अभ्यास. नोव्हेंबर 2021 मध्ये परीक्षा दिली. तीन विभाग, प्रत्येकाला चाळीस मिनिटं, एका विभागातला उरलेला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. गणित बरं गेलं. इंग्रजी उताऱ्यांनी घात केला. दहावीपर्यंत नारायणगावात मराठी शाळेत शिकलेली मी, त्यानंतरचं इंग्रजी सगळं ड्रॉइंगवरचं आणि एट-डी रिपोर्टमधलं, म्हणजे तक्रारीचं कारण शोधून लिहायच्या अहवालातलं. कुठल्याशा तत्त्वज्ञाला काय 'ध्वनित' करायचंय हे चार पर्यायांतून निवडताना मला चारही बरोबर वाटायचे. 81 पर्सेंटाइल. विषय संपला.

मग सीईटी, महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा. ही परीक्षा वेगळ्या जातीची आहे. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, म्हणजे प्रश्नामागे पाऊण मिनिट. पंच्याहत्तर प्रश्न लॉजिकल रिझनिंगचे, पंचवीस आकृत्यांचे, पन्नास गणिताचे, पन्नास इंग्रजीचे. पाच पर्याय आणि चुकल्याबद्दल गुण कापत नाहीत. कॅटला प्रश्न सोडायला शिकावं लागतं, इथे काहीच सोडायचं नसतं. शेवटच्या तीन मिनिटांत उरलेल्या सगळ्यांवर एकाच पर्यायाची टिकली लावत सुटायचं. गोल टेबलाभोवती आठ माणसं बसली आहेत, क च्या उजवीकडे डॉक्टर आहे आणि वकिलासमोर ग, असले प्रश्न मी इतके सोडवले की सासूबाईंनी पाहुण्यांची पंगत मांडायला सांगितली तरी डोक्यात अबकड सुरू व्हायचं.

2022 ची सीईटी ऑगस्टमध्ये झाली. एरवी मार्चच्या आसपास होणारी परीक्षा लांबली होती, आणि ते पाच महिने माझ्या पथ्यावर पडले. 94 पर्सेंटाइलच्या थोडं वर मिळाले. मुंबईच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटसाठी नव्व्याण्णवच्या पुढचे दशांश मोजावे लागतात, तेव्हा ते नाव फक्त पसंतीच्या यादीत लिहिण्याचं समाधान. पण पुण्यातलं एखादं बरं कॉलेज मिळेल एवढी सोय झाली.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण नोकरी करणाऱ्या अनेकांचा यात घोळ होतो. सीईटीच्या केंद्रीभूत प्रवेशात मुलाखत नसते. गटचर्चा नसते. तुमचा अनुभव पाच वर्षांचा असो की शून्य, यादी लागते ती पर्सेंटाइलवर. मी मात्र 'मी इंडस्ट्रीत काय काय केलं' याची इंग्रजी उत्तरं महिनाभर आरशासमोर पाठ केली होती.

त्याहून मजा कागदपत्रांची. बीईच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, आधार आणि पॅन सासरच्या, डोमिसाइल पुन्हा माहेरचं. विवाह नोंदणीचा दाखला सगळ्यांमधला पूल. तो लॅमिनेट केलेला होता, म्हणून पडताळणीच्या केंद्रावरचे गृहस्थ नाराज झाले. 'लॅमिनेशन करू नका' हे लग्नाच्या दाखल्यावर छापायला हवं. मग कॉलेजने मागितलं गॅपचं प्रतिज्ञापत्र. बीईनंतर प्रवेश घेईपर्यंत मध्ये गेलेली वर्षं म्हणजे गॅप. पहाटे साडेपाचची बस पकडून काढलेली पाच वर्षं, आणि स्टॅम्पपेपरवर मी शपथेवर लिहून दिलं की या काळात मी कुठेही शिक्षण घेत नव्हते. खरंच होतं म्हणा ते.

प्रवेशाच्या फेऱ्यांचं वेळापत्रक आणि कंपनीचा नोटीस पिरियड यांचं जमत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. जागा मिळाली की स्वीकारायला आणि कॉलेजात हजर व्हायला मोजके दिवस. नोटीस साठ दिवसांची. जागा मिळण्याआधी राजीनामा देणं म्हणजे पूल बांधायच्या आधी नदीत उडी, आणि जागा मिळाल्यावर द्यावा तर वेळ नाही. शेवटी निकाल लागल्यावर लगेच राजीनामा दिला, वीस दिवसांचा पगार कापून घेतला आणि मोकळी झाले. पहिल्या फेरीत यादीतलं चौथं कॉलेज लागलं. 'बेटरमेंट' घेतलं, म्हणजे वरच्या पसंतीच्या आशेवर पुढच्या फेरीत उतरले, त्या फेरीत तिसरं मिळालं, तिथे थांबले. पहिल्या पसंतीचं लागलं असतं तर निवडायचा प्रश्नच नव्हता, ती जागा आपोआप गोठते.

पैशाचं नीट सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. फी वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार, दोन वर्षांची दोन लाख नव्वद. हा आकडा सगळे विचारतात. मोठा आकडा दुसराच. हातात पडणारा पगार अडतीस हजार होता, तो चोवीस महिने बंद. नऊ लाख बारा हजार. म्हणजे एमबीए मला बारा लाखांना पडणार होतं आणि त्यातले नऊ कुठल्याच माहितीपत्रकात छापलेले नसतात. नवऱ्याने हे एका कागदावर मांडलं आणि कागद फ्रिजवर लावला. विरोध म्हणून नाही. "रोज दिसलेलं बरं," म्हणाला.

बचत होती ती घरखर्चाला ठेवली आणि फीसाठी शैक्षणिक कर्ज घेतलं. चार लाखांच्या आतलं असेल तर तारण लागत नाही. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "सहकर्जदार कोण? लग्न झालंय ना, मग वडील कशाला, मिस्टरांना आणा." कोर्स चालू असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चढत राहतं. जमेल तसं ते भरत राहायचं, हे मला भावाने सांगितलं आणि मी ऐकलं, हे त्यातलं शहाणपण. बाकी पुढे करात व्याजाची वजावट मिळते ती जुनी करप्रणाली घेतली तरच, तीही आठ वर्षंच.

आप्पांना, म्हणजे वडिलांना, सगळ्यात शेवटी सांगितलं. आमची नारायणगावला टोमॅटोची शेती. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "त्यात शिकवतात काय?" मी म्हटलं, "धंदा कसा करायचा ते." म्हणाले, "मग कुणाकुणाला भाव ठरवता येतो तेवढं विचारून ये."

कॉलेज सुरू झालं नोव्हेंबरच्या शेवटी. साठ जणांच्या वर्गात पन्नास तरी फ्रेशर, एकवीस-बावीसची मुलं, बरीचशी बीकॉम आणि बीबीए. मी सत्तावीसची. दुसऱ्या दिवसापासून 'ताई'. ताईकडे चार्जर असतो, ताईकडे डोकेदुखीची गोळी असते, ताई ग्रुप प्रोजेक्टचं एक्सेल करते. पहिले दोन महिने मी मनातून वर्गाला तुच्छ लेखत होते, हे कबूल करते. त्यांनी कारखाना पाहिलेला नाही, यांना काय कळणार. मग मॅनेजेरिअल अकाउंटिंगच्या पहिल्या चाचणीत मला पन्नासपैकी एकोणीस पडले आणि सोलापूरच्या एका बीकॉमच्या मुलीला सत्तेचाळीस. तिने मला जर्नल एंट्रीपासून शिकवलं. होस्टेलच्या गॅलरीत, मॅगीच्या बदल्यात.

बाकी विषयांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. संघटनेतील वर्तन नावाचा विषय होता, त्यात मास्लोचा पिरॅमिड होता, तो सगळ्यांनी काढला. डिजिटल बिझनेस होता. मार्केटिंगचे सर उत्तम बोलायचे आणि दर तासाला त्याच साबणाचं उदाहरण द्यायचे. पन्नास गुण कॉलेजच्या हातात, पन्नास विद्यापीठाच्या. कॉलेजच्या हातातल्या पन्नासांसाठी इतकी प्रेझेंटेशनं की शेवटी स्लाइड बदलली तरी बोलणं तेच राहायचं. ज्याला जे हवं ते त्याने हुडकून घ्यावं असा तो मामला आहे. मी हुडकायला एकच गोष्ट आले होते.

ती मिळाली मार्चच्या एका संध्याकाळी. मार्जिनल कॉस्टिंगचा धडा चालू होता. सरांनी फळ्यावर दोन रकाने केले: निर्णयाने बदलणारा खर्च आणि न बदलणारा खर्च. म्हणाले, "निर्णय घेताना दुसरा रकाना विसरा. तो तुमच्या हातात नाही." साधी गोष्ट. पाठ्यपुस्तकातला तिसरा धडा. पण मी वहीच्या मागच्या पानावर लिहायला लागले. दोन वर्षांपूर्वीचा माझा लॉट.

लाईन दोन तास थांबली होती. एकशे दहा असेंब्ल्या कमी पडल्या. कॉन्फरन्स रूममधल्या पाच लाखांत काय काय होतं? शेडचं भाडं, मशिनचा घसारा, सगळ्यांचे पगार, विजेचा स्थिर आकार. हे सगळं लाईन चालली असती तरी गेलंच असतं. आणि त्या असेंब्ल्यांची विक्री बुडालीही नव्हती, कारण रविवारी अर्धी शिफ्ट लावून आम्ही त्या भरून काढल्या होत्या. मग जास्तीचं गेलं काय? सोळा कामगार, चार तास, कायद्याप्रमाणे ओव्हरटाइम दुप्पट दराने, म्हणजे तासाला सुमारे एकशे ऐंशी रुपये. साडेअकरा हजार. बस अडीच हजार. चहा-नाश्ता हजारभर. एकूण पंधरा हजार रुपये.

डेव्हिएशन दिलं असतं तर? बाराशे ब्रॅकेट, कानशीने बर काढायला एकाला एक मिनिट, वीस तास मजुरी. तीन-चार हजार. आणि बर काढताना प्लेटिंग खरवडलं गेलं असतं, पावसाळ्यात गंज, मग कस्टमरकडून आलेली तक्रार. तिचा खर्च किती? इथे मात्र पान कोरं राहिलं.

तरी परचेसच्या साहेबांना द्यायचं उत्तर आता माझ्याकडे होतं: "साहेब, रिजेक्ट केलं तर पंधरा हजार जातात, डेव्हिएशन दिलं तर चार हजार आणि गंजाची जोखीम. अकरा हजारात ती जोखीम टळते, म्हणून मी रिजेक्ट करते." निर्णय तोच राहिला असता. लाल टॅगच लागला असता. पण मग ते दुसऱ्याशी बोलायला लागले नसते. मला वर्गात बसल्या बसल्या रडू आलं, आणि मार्जिनल कॉस्टिंगवर रडणारी मी त्या कॉलेजातली पहिलीच असणार.

दुसऱ्या सत्रानंतर आठ आठवड्यांची इंटर्नशिप. कॉलेजने आणलेल्यांत विमा विकणं होतं, ऑनलाइन क्लासच्या जागा विकणं होतं, एका बँकेसाठी खाती उघडून देणं होतं. यात बराचसा भाग फुकटातला सेल्समन मिळवण्याचा असतो आणि कॉलेज तो 'इंडस्ट्री एक्स्पोजर' म्हणून खपवतं, हे माझं मत. वर्गातल्या अनेकांना तिथेच पुढे नोकरी लागली हेही खरं. मी जुन्या ओळखी काढल्या. चाकण पट्ट्यातल्याच दुसऱ्या एका कंपनीच्या सोर्सिंग खात्यात दहा हजारांच्या मानधनावर बसायला मिळालं. काम: पत्र्याच्या पन्नास पार्टची 'शुड कॉस्ट' काढायची. म्हणजे व्हेंडर किती मागतोय ते बाजूला ठेवून, ती वस्तू बनायला खरोखर किती लागायला हवेत, हे तळापासून मांडायचं.

त्या पन्नासांतला एक जवळजवळ माझाच ब्रॅकेट होता. भाऊबंद म्हणा. अडीचचा पत्रा, दोन नट. एका पार्टला पत्रा लागतो 420 ग्रॅम, किलोला 68 रुपये, म्हणजे साडेअठ्ठावीस. तयार पार्टचं वजन 310 ग्रॅम. उरलेल्या 110 ग्रॅमचा भंगार, तीस रुपये किलोने सव्वातीन रुपये परत. एकशे दहा टनी प्रेसवर चार स्ट्रोक, पंच्याहत्तर पैशांनी तीन रुपये. दोन नट आणि त्यांचं वेल्डिंग तीन रुपये साठ पैसे. प्लेटिंग किलोवर असतं, बावीस रुपये, ते पावणेसात. बेरीज अडतीस-एकोणचाळीस. त्यावर रिजेक्शन, पॅकिंग, वाहतूक, व्याज, नफा धरून बारा टक्के. त्रेचाळीस रुपये.

मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसले. त्रेचाळीस. ज्याच्यासाठी मी पाच वर्षं भांडले, रात्री फोन घेतले, व्हेंडरच्या पोरांना ओरडले, तो एका वडापाव-चहाच्या बिलाएवढा होता. आणि त्यातला पंचवीस रुपयांचा भाग नुसता पत्रा. ज्याच्यावर घासाघीस होऊ शकते ते उरलेले अठरा. त्यातही प्लेटिंगवाला तिसराच.

हा जुलै 2023. मे महिन्यात आप्पांनी टोमॅटो रस्त्याकडेला ओतले होते, तोडणीची मजुरी निघत नव्हती. जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. नेमका आमचा प्लॉट तेव्हा संपलेला. मी फोनवर उत्साहाने सांगितलं की आप्पा, मी किंमत काढायला शिकले, शुड कॉस्ट म्हणतात. म्हणाले, "आमच्या क्रेटची काढ." मी खरंच काढली. रोपं, मल्चिंग, तार-बांबू, औषधं, तोडणी, गाडीभाडं, आडत. आकडा सांगितला. तिकडून हसण्याचा आवाज. "बरोबर आहे गं. एवढाच येतो. पण हा कागद घेऊन मी कुणाकडे जाऊ?"

प्लेसमेंटबद्दल थोडक्यात, कारण आठवलं की अजून डोकं फिरतं. कॉलेजच्या भिंतीवर 'सरासरी पॅकेज' लिहिलेलं असतं. ते काढताना भागाकारात कोण धरलेलं नाही, हे विचारावं. मी विचारलं आणि माझ्याशी बोलणं थंड झालं. बहुतेक कंपन्यांच्या एचआरचं माझ्यापुढचं वाक्य एकच: "आमच्याकडे एमबीए म्हणजे फ्रेशरच धरतो." म्हणजे फ्रेशरबरोबर प्रवेश देताना पाच वर्षं गॅप, आणि नोकरी देताना शून्य. साडेचार-पाच लाखांचे दोन प्रस्ताव आले. माझा जुना पगार त्याहून जास्त होता. फेब्रुवारी ते मे 2024 मी रिकाम्या हाताने घरी बसून होते आणि फ्रिजवरचा तो कागद अजून तिथेच होता. सासूबाईंनी एकदाच विषय काढला. "अगं, जुन्या ठिकाणी परत घेतील का?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच उत्तर देता आलं नाही.

जूनमध्ये इंटर्नशिपवाल्या कंपनीत सोर्सिंगमधल्या एकाने नोकरी सोडली. माझ्या पन्नास पार्टची फाइल तिथल्या सरांनी जपून ठेवली होती. मुलाखतीत त्यांनी एमबीएतलं काही विचारलं नाही. एक पार्ट हातात दिला आणि म्हणाले, "बोला." मी पार्ट उलटा केला, कडेवर बोट फिरवलं आणि म्हटलं, "सर, डायला धार लावायची वेळ झालीय याच्या. आणि पत्रा ते आडवा कापताहेत, उभा कापला तर शीटमागे दोन पार्ट जास्त निघतील." पहिलं वाक्य पाच वर्षांचं, दुसरं दोन वर्षांचं. सात लाख वीस हजारांवर घेतलं.

हिशेब विचाराल तर असा: जुन्या नोकरीत राहिले असते तर या वेळेपर्यंत सहा-साडेसहावर आलेच असते. फरक वर्षाला लाखभर. बारा लाख वसूल व्हायला किती वर्षं, ते तुम्हीच करा. मी केलंय आणि तो कागद फ्रिजवर लावलेला नाही. कुणी मला विचारलं तर मी आता पहिल्यांदा विचारते की तुझ्या कंपनीत तुला जायचं त्या खात्यातलं कुणी तुला सहा महिने शेजारी बसू देईल का? देत असेल तर आधी ते कर. मला कुणी दिलं नाही, म्हणून मी बारा लाख मोजून बसायला गेले.

मागच्या महिन्यात भोसरीला एका व्हेंडरकडे गेले होते. शेठ जुने ओळखीचे. चाकणच्या कंपनीत असताना यांचेच लॉट मी परत पाठवायचे. आता ते आमच्याकडेही माल देतात. पत्र्याचा भाव उतरला होता, म्हणून दर कमी करून घ्यायचा होता. मी लॅपटॉप उघडून शीट दाखवली. एक्केचाळीस रुपये ऐंशी पैसे. शेठनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली. पत्रा मान्य. स्ट्रोकला थोडं कुरकुरले, मान्य केलं. प्लेटिंगवाल्याला फोन लावून माझ्यासमोरच भाव विचारला, तोही जुळला. चहा आला.

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक पावती काढून माझ्यासमोर ठेवली. टेम्पोचं भाडं, भोसरी ते चाकण आणि परत, अठराशे रुपये. आमच्याच क्वालिटीने मागच्या आठवड्यात लॉट परत केला होता, बर म्हणून. बाराशे नग.

"मॅडम, हे तुमच्या कागदात कुठे बसतं?"

मी शीट वर-खाली केली. रिजेक्शनचा रकाना होता, त्यात टाकाऊ झालेला माल धरलेला. गेलेला आणि परत आलेला माल कुठेच नव्हता. अठराशे भागिले बाराशे, पार्टमागे दीड रुपया. चाकणच्या त्या पाच वर्षांत मी असे किती टेम्पो परत पाठवले असतील याचा अंदाज करायला लागले आणि थांबले.

"दर वेळी परत येत नाही ना शेठ," मी म्हटलं.

"दर वेळी कसा येईल? दहात एकदा धरा."

म्हणजे पंधरा पैसे. मी एक ओळ वाढवली. एक्केचाळीस पंच्याण्णव. शेठनी बेचाळीस म्हटलं, मी बेचाळीस लिहिलं.